एका मापट्यातून निघालेले लेख

गेली अकरा वर्षे मी दर पंधरवड्याला एक लेख लिहीत आलो आहे. या काळात वाचकांनी मला सर्वांत जास्त वेळा जो प्रश्न विचारला, तो भाषेचा किंवा शुद्धलेखनाचा नव्हता, तर 'इतके विषय तुम्हाला सुचतात कुठून?' हा होता. लिहू पाहणारी तरुण मंडळी तो विशेष कळकळीने विचारतात, कारण पहिले आठ-दहा लेख झपाट्याने लिहून झाल्यावर त्यांची लेखणी अडलेली असते. मीही चौथ्या वर्षी असाच अडलो होतो. तेव्हा जे सापडले ते आजवर पुरले आहे, म्हणून ते सविस्तर लिहून ठेवावे असे वाटते.

त्या काळी माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर विषयांची यादी असे. पहिला पाऊस, चहा, आजोळ, एस.टी.चा प्रवास, दिवाळीचा फराळ, जुनी पत्रे, असे शब्द एकाखाली एक लिहिलेले असत. पंधरवडा संपत आला की मी त्यातला एक उचलून लिहायला बसे आणि वाक्ये सहज येत. पावसाच्या लेखात मृद्गंध येई, कागदी होड्या येत, भजी येत. लेख पूर्ण होई, ओळखीच्या लोकांना आवडेही. पण तो वाचताना मला स्वतःला काही नवे कळलेले नसे, आणि हळूहळू लक्षात येऊ लागले की ती वाक्ये मी लिहिलेली नसून आजवर वाचलेल्या शेकडो लेखांतून माझ्यात साठलेली आहेत. लिहिण्याचा आनंदच कमी होत गेला. शेवटी सहा महिने मी काहीही लिहिले नाही.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी घराची साफसफाई चालली होती. माळ्यावरून खाली काढलेल्या भांड्यांमध्ये काठ चेपलेले एक लहानसे पितळी भांडे होते. माझ्या पुतणीने ते हातात घेऊन विचारले, "काका, हे कशाचं भांडं?" मी म्हणालो, "मापटं आहे." तिने पुढे विचारले, "मापटं म्हणजे किती?"

मला सांगता आले नाही. ज्या भांड्याने माझी आई रोज तांदूळ मोजून घेत होती, ज्याचा आवाज मला डब्याच्या तळाशी घासताना आजही आठवतो, त्यात किती धान्य मावते आणि ते कशाचा कितवा भाग आहे हे मला माहीत नव्हते. दिवसभर तो प्रश्न मनातून जाईना. रात्री मी वहीचे नवे पान काढून त्यावर एका पूर्ण वाक्यात लिहिले, 'मापटे म्हणजे किती?' आणि त्यापुढे ज्यांना विचारता येईल अशा तीन माणसांची नावे लिहिली. विषय शोधण्याची माझी सगळी रीत त्या एका ओळीत आहे.

दुसऱ्या दिवशी घरातल्या थोरल्या काकूंकडून सगळे कोष्टक मिळाले. त्यांना ते लहानपणी शाळेत पाठ करावे लागले होते आणि साठ-पासष्ट वर्षांनंतरही एका दमात म्हणता येत होते. दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची एक अधोली, दोन अधोल्यांची एक पायली, सोळा पायल्यांचा एक मण आणि वीस मणांची एक खंडी. म्हणजे आमच्या हातातले मापटे अर्ध्या शेराचे होते. कोष्टक ऐकताना जाणवले की निळव्यापासून पायलीपर्यंत प्रत्येक माप आधीच्या मापाच्या दुप्पट आहे, आणि त्यामुळे लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसालाही नुसते अर्धे करत किंवा दुप्पट करत हिशेब ठेवता येत असला पाहिजे. हे मला कोणत्याही लेखात वाचायला मिळाले नव्हते. हा पहिला लेख झाला.

दुसरा लेख काकूंच्या बोलण्यातल्या एका आडवाटेने निघाला. त्या म्हणाल्या की शेर दोन प्रकारचे असत, एक मापी आणि एक वजनी. मापी शेर भांड्यात मावेल तितक्या धान्याचा आणि वजनी शेर तराजूतला. वजनी शेराचे तुकडे वेगळे: चौथा हिस्सा पावशेर, त्याच्या निम्मे नवटाक किंवा अदपाव, आणि त्याच्याही निम्मी छटाक. धान्य मापाने, तर तूप, गूळ आणि मसाल्याचे जिन्नस वजनाने, अशी साधारण वाटणी होती. ज्वारी आणि तांदूळ यांची एकेक पायली वजनात सारखी भरणार नाही हे उघड आहे. मग मापाने उधार घेतलेले धान्य फेडताना तेच धान्य फेडावे लागत असेल का, वेगळे धान्य दिले तर हिशेब कसा होत असेल, असे प्रश्न एकापाठोपाठ एक उभे राहिले. मी ते सगळे पूर्ण वाक्यांत लिहून ठेवले.

तिसरे नाव गावातल्या किराणा दुकानाच्या जुन्या मालकांचे, अण्णांचे होते. वय तेव्हा ८६, दुकान मुलाकडे दिलेले, पण सकाळी दुकानाच्या पायरीवर येऊन बसण्याचा नेम सुटलेला नव्हता. मी त्यांच्यापुढे मापटे ठेवले आणि जुन्या मापांविषयी विचारू लागलो. त्यांनी भांडे हातात फिरवून पाहिले, चेपलेल्या काठावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "आरं, मापट्याचं काय विचारतोस, शिगेचं इचार."

शीग हा शब्द मी 'शिगोशीग भरलेले' या प्रयोगात वापरत आलो होतो, पण त्याचा नेमका अर्थ कधी तपासला नव्हता. माप काठापर्यंत भरल्यानंतर वर धान्याचा जो निमुळता ढीग उभा राहतो ती शीग. अण्णा सांगत होते की माप सपाट भरून द्यायचे की शीग लावून द्यायचे यावर माणसाची पारख होत असे. घेताना शीग लावून घेणारा आणि देताना काठ पुसून देणारा दुकानदार गावाला बरोबर ठाऊक असे. बारीक दाण्यापेक्षा जाड आणि खरखरीत दाण्याची शीग उंच चढते, हेही त्यांनीच दाखवले. शेंगदाणे आणि बाजरी दोन्ही मापून दाखवली. मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणायचे नाही, 'लाभ' म्हणायचे, आणि मग दोन, तीन असे पुढे जायचे, हे सांगताना त्यांचा आवाज मोजणाऱ्या माणसाचा झाला. एका भाबड्या प्रश्नातून मी तिथवर पोहोचलो होतो. केवळ 'जुनी मापे' असा विषय घेऊन घरी बसून लिहिले असते, तर लेखात कोष्टक आले असते, 'गेले ते दिवस' असा उसासा आला असता, पण शीग आली नसती.

मापट्यावर माझे एकूण सात लेख झाले. खळ्यावरच्या राशीतून बलुतेदारांना मिळणारा वाटा कोणत्या मापाने दिला जाई, हा एक होता. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि सोळा आण्यांच्या, म्हणजे चौसष्ट पैशांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्यानंतरच्या काही वर्षांत शेर जाऊन किलो आला. या दोन्ही बदलांच्या मध्ये सापडलेल्या गृहिणींनी घरचा हिशेब कसा बदलला, हा आणखी एक. त्या लेखासाठी मी सतरा वृद्ध स्त्रियांशी बोललो, आणि अकरा वर्षांतला माझा सर्वांत समाधानाचा लेख तोच आहे, असे मला आजही वाटते.

या अनुभवातून एक गोष्ट मी पक्की केली. वहीत एकटा शब्द लिहायचा नाही. 'चहा' लिहिले की मनात ठरलेले चित्र उभे राहते आणि लेख त्याच चित्राभोवती फिरतो. त्याऐवजी 'आमच्या गावात पहिल्यांदा चहा कोणाच्या घरी झाला आणि तोपर्यंत पाहुण्याला काय देत असत?' असे लिहिले की कोणाकडे तरी जावे लागते. प्रश्न असा हवा की त्याचे उत्तर मला माहीत नाही, पण ते कोणाला तरी माहीत असण्याची शक्यता आहे. ज्याचे उत्तर मला आधीच ठाऊक आहे तो प्रश्न मी वहीत उतरवून घेत नाही, कारण त्यावर लिहिताना मी वाचकाला शिकवू लागतो आणि लेख कोरडा होतो.

पावसावरचा लेखही या रीतीने पुन्हा लिहिता आला. पंचांगात सूर्य ज्या नक्षत्रात असेल त्या नक्षत्राचा पाऊस मानतात; एकेका नक्षत्रात सूर्य सुमारे तेरा-चौदा दिवस असतो, आणि जूनच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस मृग लागतो. आमच्याकडे पुनर्वसूच्या पावसाला तरणा पाऊस म्हणतात आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा पाऊस. हे शब्द अनेकांना माहीत आहेत, पण म्हातारा का, हे मी कधी कोणाला विचारले नव्हते. गावातल्या एका शेतकऱ्याने सांगितले, "तरणा येतो आन जातो, म्हातारा बसून ऱ्हातो." त्या एका वाक्याने पुष्यातली दिवसदिवस न थांबणारी रिपरिप डोळ्यांपुढे उभी राहिली, आणि लेखात मृद्गंधाची गरज उरली नाही.

गावाकडे घर आहे म्हणून तुमचे भागते, शहरात वाढलेल्याने काय करावे, असे मला पुष्कळदा विचारले जाते. मी स्वतः वर्षाचे अकरा महिने पुण्यात राहतो, आणि माझे निम्म्याहून अधिक विषय पुण्यातलेच आहेत. रोज मी राजाराम पुलावरून मुठा ओलांडतो. पुलाच्या एका बाजूला कर्वेनगर, म्हणजे मूळचे हिंगणे बुद्रुक, जिथे १९०० साली महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी आपला आश्रम हलवला. दुसऱ्या बाजूला विठ्ठलवाडी आणि हिंगणे खुर्द. बुद्रुक हे फारसी बुजुर्गवरून आले आणि खुर्द म्हणजे लहान, हे स्पष्टीकरण इतक्या वेळा लिहिले गेले आहे की त्यावर आणखी एक लेख लिहिण्यात अर्थ नाही. पण बहुतेक लेख या व्युत्पत्तीपाशी येऊन थांबतात, आणि माझ्या मते विषय तिथून पुढे सुरू होतो. एकाच नावाची दोन गावे नदीच्या दोन काठांवर समोरासमोर का आहेत? पूल नव्हता तेव्हा या गावांमध्ये सोयरिकी होत होत्या का, आणि पावसाळ्यात पाहुणे कसे येत-जात? हिंगण नावाचे काटेरी झाड असते, ते आज या दोन्ही काठांवर कुठे उरले आहे का? यांतल्या दुसऱ्या प्रश्नासाठी मी विठ्ठलवाडीच्या देवळात तीन आषाढी एकादशींना गेलो, कारण त्या दिवशी जुन्या घरांतली वयस्कर माणसे तिथे हमखास भेटतात.

महात्मा फुले मंडईतही मी विषयासाठी म्हणून जात नाही. भाजी आणायला जातो, पण कान उघडे ठेवतो. किलो येऊन साठ वर्षे होऊन गेली तरी पालेभाजी जुडीने मिळते, मिरच्या आणि लिंबे अनेकदा वाट्याने मिळतात, आणि गजरा देणारी बाई हात लांबवून माप घेते. मापट्याचा विषय संपला असे वाटत असतानाच तो इथे पुन्हा भेटला. वजन न करता विकल्या जाणाऱ्या वस्तू कोणत्या आणि त्या तशाच का राहिल्या, हा प्रश्न मी सध्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला आहे.

शब्दकोशाने मला फार दिले आहे आणि त्याचा उल्लेख केल्याशिवाय हा लेख पुढे नेणे कृतघ्नपणाचे होईल. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश प्रथम १८३१ मध्ये निघाला आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये. दाते आणि कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत प्रसिद्ध झाला. हे कोश अडलेला अर्थ पाहण्यापुरते उघडण्याचे नाहीत. एक शब्द पाहायला जावे आणि त्याच्या वर-खाली असलेले दहा शब्द सावकाश वाचावेत. शेतीचे, विणकामाचे, जनावरांच्या रंगांचे, दोरांच्या प्रकारांचे इतके शब्द तिथे भेटतात की प्रत्येक पानावर एखादा तरी धंदा उभा राहिलेला दिसतो. मी शब्द उतरवून घेतो आणि तो धंदा करणाऱ्या माणसाला जाऊन विचारतो की हा शब्द तुम्ही आज वापरता का. 'नाही, आता आम्ही असं म्हणतो' हे उत्तर मिळाले तर अधिक चांगले, कारण मग दोन शब्द मिळतात आणि त्यांच्यामधला काळही मिळतो.

वर्तमानपत्रातही असे शब्द असतात. दरवर्षी सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत खरिपाच्या पैसेवारीच्या बातम्या येतात: आधी नजरअंदाज, मग सुधारित, मग अंतिम. पैसेवारी ५० पैशांपेक्षा कमी आली की टंचाईच्या सवलतींची चर्चा सुरू होते. बातमी आकड्यापाशी संपते. परंतु पिकाचा अंदाज पैशांत का सांगतात? कारण पूर्वी तो आण्यांत सांगत. सोळा आणे म्हणजे भरपूर पीक, आणि आजही जुने लोक याला आणेवारीच म्हणतात. रुपयातून आणा जाऊन इतकी दशके उलटली तरी शेतातल्या पिकाचे मोजमाप नाण्यांत चालू राहिले आहे. शेतात उभे राहून हा आकडा कोण ठरवते, त्या वेळी शेतकरी तिथे असतो का, कापणी प्रयोगाचे शेत कसे निवडतात, हे समजून घेण्यासाठी मी एका निवृत्त तलाठ्यांकडे चार वेळा गेलो. या लेखाला शेतकरी कुटुंबांतून जितकी पत्रे आली तितकी माझ्या दुसऱ्या कोणत्याही लेखाला आलेली नाहीत.

तारखांवर अवलंबून राहू नये, असे माझे ठाम मत आहे. जयंत्या, पुण्यतिथ्या आणि दिनविशेष यांच्या आधाराने वर्षभराचे विषय ठरवता येतात, पण त्या दिवशी सगळेच तेच लिहीत असतात. तरीही लिहायचेच असेल, तर गौरवाऐवजी प्रश्न घेऊन जावे. ६ जानेवारी हा मराठी पत्रकार दिन, कारण १८३२ साली त्या दिवशी मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांच्या दर्पणचा पहिला अंक निघाला. दर्पणच्या पानावर दोन स्तंभ असत, एक इंग्रजीचा आणि एक मराठीचा. मला या दोन स्तंभांकडे पाहिले की विचारावेसे वाटते की त्या काळी मराठीत नसलेल्या कल्पनांसाठी संपादकाने शेजारच्या स्तंभात कोणते शब्द योजले, आणि त्यांतले आज आपल्या तोंडी किती आहेत. हा प्रश्न घेऊन बसले तर एक लेख पुरणार नाही.

जाता जाता एक सावधगिरी सांगतो, कारण ती मला एक चूक करून शिकावी लागली. विषयाच्या शोधात असलेल्या माणसाला दुसऱ्याचे दुःखही विषय वाटू लागते. एका परिचित कुटुंबातला वाद मी नावे बदलून एका लेखात आणला होता. नावे बदलली तरी ज्यांचा होता त्यांनी तो ओळखला, आणि त्या घराचे दार मला दोन वर्षे बंद राहिले. तेव्हापासून कोणाकडून काही ऐकले की ते लिहिण्यापूर्वी मी त्या माणसाला वाचून दाखवतो. अण्णांना शिगेचा लेख असाच पायरीवर बसून वाचून दाखवला होता. त्यांनी एकच दुरुस्ती सांगितली: शेंगदाण्यांची शीग मी चार बोटे उंच लिहिली होती, ती तीन बोटे करायला लावली.

आता ते नाहीत. त्यांच्याकडे विचारायचे आणखी नऊ प्रश्न माझ्या वहीत लिहिलेले होते, आणि त्यांतल्या सहा प्रश्नांपुढे लिहायला मला अजून दुसरे नाव सापडलेले नाही. म्हणून अलीकडे मी वहीतल्या पानांचा क्रम बदलला आहे. जे प्रश्न पुस्तकांत पाहता येतील ते मागच्या पानांवर गेले आहेत, आणि जे फक्त माणसांना विचारता येतील ते, त्या माणसांच्या वयाप्रमाणे, पुढच्या पानांवर आले आहेत. पहिल्या पानावर मंडईतल्या गजरेवाल्या आजी आहेत. त्यांचा एक हात म्हणजे कोपरापासून कुठपर्यंत, आणि त्यांच्या जागी त्यांची नात बसते तेव्हा तिच्या लहान हाताने मोजलेला गजरा त्याच किमतीला जातो का, हे विचारायला मी येत्या रविवारी सकाळी जाणार आहे.